चंद्री कुणाच्या मागनं पळणार

विद्यापीठात परदेशी पोरांचा कार्यक्रम होता. आमच्या सोमण्णानं भाषण केलं, विषय ‘परक्या शहरातले माझे पहिले दिवस’. मी इरकल नेसून, पोरीला शेजारी घेऊन दुसऱ्या रांगेत बसलते. दहा मिनिटं बोलला. देवळाचं बोलला, तळ्याचं बोलला, भडंगाचं बोलला, हवा चांगली हाय म्हणाला. चंद्रीचं नाव काढलं न्हाय. आमच्या मालकांचं न्हाय, माझं न्हाय, आन् पाडव्याचं तर न्हायच न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं असलं फिरलं म्हणून सांगू. आरं, तू हितं आल्यापास्नं देवळात किती येळा गेलास आन् गोठ्यात किती तास बसलास, ते सांग की लोकांना. पण तो लाजतोय. लाजू दे. मी सांगते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, न्हायतर पुढचं सगळं खुळ्याचा बाजार वाटंल. आम्ही गवळी, लिंगायत गवळी. गंगावेशीजवळ आमची गल्ली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवत्यात. शर्यत नव्हं ती. म्हशीला धुवायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, मोरपिसं लावायची आन् पंचगंगेच्या घाटावर न्यायचं. मग धनी सायलेन्सर काढलेल्या गाडीवर पुढं आन् म्हैस मागनं. दावं न्हाय, काठी न्हाय, हाकणारा माणूस न्हाय. नुसती हाक मारायची, आन् त्या गर्दीतनं, त्या हलगीच्या दणक्यातनं म्हशीनं आपल्या धन्यामागनं पळत यायचं. ज्याच्या हाकेला म्हैस येती तो गवळी. ज्याच्या येत न्हाय तो नुसता दूध विकणारा.

आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर रेवणसिद्ध, एकवीस वर्षं म्हैस पळवत आलेत. आधी चंद्रीची आजी, मग तिची आई, मग चंद्री. पोरगा न्हाय आम्हाला. एक सौंदर्या हाय, ती कॉम्प्युटरचं शिकती. मालकांना कुठं मानपान न्हाय, कुणी सभेला बोलवत न्हाय, लग्नात बी मागं बसत्यात. वर्षातनं ती पाच मिनिटं तेवढी त्यांची. आन् औंदा ती पाच मिनिटं बी जायची पाळी आली, ती ह्या पोरामुळं.

सोमण्णा म्हणजे चिसोमो बांडा. मलावी देशाचा, आफ्रिकेतला. संख्याशास्त्र शिकायला ऑगस्टात कोल्हापुरात आला. हॉस्टेल भरलेलं, म्हणून कुणीतरी आमचं घर दाखवलं. वरच्या खोलीत आम्ही सरकी-पेंडीची पोती ठेवायचो. पोती खाली आणली, चुना मारला, कॉट टाकली. वास मात्र राहिला. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याचा सोमण्णा करून टाकला, आन् तो मला अव्वा आन् मालकांना आप्पा म्हणायला लागला, सौंदर्या म्हणती तसं. सहा फूट उंच, काठीगत बारीक, बोलायला मऊ. पण भित्रं. तिकडं चौथ्या मजल्यावर वाढलेलं पोरगं, आई शाळेत हेडमास्तरीण. जनावर म्हणून जे काय बघितलं ते पुस्तकात. कोंबडी समोर आली तर बाजूला होऊन तिला आधी जाऊ द्यायचा.

पहिल्या पहाटे काय झालं ते ऐका. आमच्याकडं गिऱ्हाईक दारात येतंय. पेला घेऊन उभं राहायचं, समोर म्हैस पिळायची, कोमट फेसाळ दूध तितंच प्यायचं आन् कामाला जायचं. सोमण्णा पाचला खाली आला तर अंगणात चौदा माणसं पेले धरून गप उभी. त्याला वाटलं आपल्या स्वागताला आलीत. त्यानं एकेकापुढं जाऊन हात मिळवला, नाव सांगितलं, देश सांगितला, इतक्या लवकर आल्याबद्दल आभार मानले. आमची माणसं बी कमी न्हाईत. त्यांना वाटलं मालकांनी नवीन पद्धत काढली असंल. दुसऱ्या दिवसापास्नं हात मिळवल्याबिगर कुणी पेला पुढं करीना.

त्याला मोजायचं खूळ. शिकायला आलता तेच. पहिल्या आठवड्यात त्यानं वहीत लिवून ठेवलं, की ह्या शहरात आपल्याला एकशे अडतीस माणसांनी ‘जेवलासा काय’ म्हणून विचारलं. रिक्षावाल्यानं, झेरॉक्सवाल्यानं, बँकेतल्या बाईनं, सिग्नलला एका अनोळखी म्हातारीनं. त्याला वाटलं सरकारची कसली तरी पाहणी चालू हाय. म्हणून तो सगळ्यांना इंग्रजीत, हातवारे करून खरं खरं सांगायचा, भाकऱ्या किती, भाजी कसली, ठेचा कितपत लागला. सिग्नल सुटला तरी सांगायचा. मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या आन् म्हातारी म्हणायची, थांबा की, पावणं बोलाय लागल्यात.

आता चंद्री. पंढरपुरी म्हैस, शिंगं ही अशी पाठीपातूर गेलेली. त्या पावसाळ्यात तिचं रेडकू पंधराव्या दिवशी गेलं. तेव्हापास्नं ती दूध चोरायला लागली. मालक तासतास तिच्याजवळ बसायचे, पाठ खाजवायचे, गाणं म्हणायचे, सरकी पुढं ठेवायचे. दीड लिटर द्यायची, ते बी उपकार केल्यागत. आन् आमच्या घरात मोबाईलची रेंज एकाच जागी येती, गोठ्यात, चंद्रीच्या दावणीशेजारी. सोमण्णाला रोज संध्याकाळी पाचला आईला फोन करायचा असायचा. जीव मुठीत धरून तो पालथ्या बादलीवर बसायचा, डोळे चंद्रीच्या शिंगांवर, आन् त्यांच्या भाषेत आईशी बोलायचा. हळू बोलायचा. मधेच हसायचा, मधेच डोळे पुसायचा. म्हशीखाली मालक धार काढत बसलेले. दूध वाढलं. तीन लिटर झालं, पाच झालं, सहा झालं. मालकांना वाटलं नवी सरकी मानवली.

मग एका शुक्रवारी विद्यापीठात नव्या पोरांचं स्वागत होतं, सोमण्णाला यायला वेळ झाला. त्या दिवशी चंद्रीनं थेंब दिला न्हाय. गिऱ्हाईकं ताटकळली. मालकांनी बादली पुढं केली तर लाथेनं उडवली. सहा वाजता सोमण्णा फाटकातनं आत आला, ‘हॅलो अव्वा’ एवढंच म्हणाला, आन् तिच्या सडातनं दूध आपोआप गळायला लागलं. शेजारचा संगमेश, त्याच्या आठ म्हशी हायत आन् तोंड नऊ म्हशींचं हाय, तो भिंतीवरनं बघत होता. तो म्हणाला, “आण्णा, गेली म्हैस. पावण्याची झाली.” मालक हसले. पण मला त्यांचं तोंड दिसलं की.

त्यानंतरचं सांगितलं तर तुम्ही मला खुळी म्हणाल. म्हणा. सोमण्णाचं नवं प्रॅक्टिकल लागलं चार ते सहा, आन् चंद्रीची धार पाचला. मालक कडक इस्त्रीची टोपी घालून त्याच्या विभागप्रमुखांना भेटायला गेले. ते सर गारगोटीकडचे, घरात जनावरं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आन् एकच विचारलं, “कितवं वेत?”

“तिसरं बाळंतपण,” मालक म्हणाले.

“मग आत्ताच सांभाळायला पायजे,” सर म्हणाले. अकरा पोरांचं प्रॅक्टिकल सकाळी नेलं आन् नोटीस बोर्डावर कारण लावलं, ‘म्हशीच्या सोयीसाठी’. एका बी पोरानं का म्हणून विचारलं न्हाय.

सकाळची अडचण निराळी. आमच्या पहाटे तिकडं आई झोपलेली असती. सौंदर्यानं डोकं चालवलं, सोमण्णाचा आवाज मोबाईलमधी भरला आन् लावला. चंद्रीनं दोन मिनिटं ऐकलं आन् मोबाईल शेणात ढकलला. मग सोमण्णाच पहाटे येऊन पुस्तक वाचायला लागला, संख्याशास्त्राचं, मोठ्यानं. शक्यतेचा धडा तिला मानवायचा. सरासरीचा आला की दूध आखडायची. दूध प्यायला येणारे एक रिटायर हेडक्लार्क होते, ते महिन्याभरात शंका विचारायला लागले. सोमण्णानं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं आलेख काढला, कुठल्या धड्याला किती लिटर. त्याचे सर मुद्दाम येऊन बघून गेले. पेलाभर दूध प्याले आन् आलेखाखाली सही केली.

भीती कधी गेली ते त्या पोराला कळलंच न्हाय. एक दिवस बघते तर चंद्रीचं तोंड ह्याच्या मांडीवर, आन् हा फोनवर आईला तिचं तोंड दाखवतोय. आई तिकडनं कायतरी म्हणाली. मी विचारलं काय म्हणती. तो म्हणाला, “म्हणती, हिचे डोळे दमल्यागत दिसत्यात. झोप होती का हिची?”

सगळी खूश होती. एक माणूस सोडून.

चंद्री जन्मली तेव्हा मालकांनी तिला अंगावरच्या शर्टानं पुसलं होतं. आता ते गोठ्यात आले तर ती मान फिरवायची आन् जिन्याकडं बघायची.  एक दिवस मालक जेवता जेवता म्हणाले, “शांते, माझा आवाज बदललाय काय गं?”

मी म्हटलं, “तीस वर्षं झाली, तसलाच हाय. फुटक्या घागरीगत.”

असं बोलायला नको होतं. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. मला अजून वाईट वाटतंय त्याचं.

दसरा झाला की गवळी म्हशींना सवय द्यायला घाटावर नेत्यात. मालकांनी जुनी यामाहा बाहेर काढली, चंद्रीला नेलं, पुढं जाऊन हाक मारली. ती उभी. दुसऱ्या दिवशी उभी. तिसऱ्या दिवशी खाली बसली. चौथ्या दिवशी कहर झाला. मालक गाडीवर, चंद्री रस्त्याकडंला, आन् समोरनं सिटी बस गेली. खिडकीत सोमण्णा. चंद्रीनं मान वर केली आन् सुटली बसच्या मागनं. गंगावेशीतनं, महापालिकेसमोरनं, स्टँडावरनं, थेट विद्यापीठापातूर. बस सिग्नलला थांबली की ही थांबायची, बस हालली की ही हालायची. आन् मालक तिच्या मागनं गाडीवर हाका मारत. एकवीस वर्षं धनी पुढं आन् म्हैस मागं होती, त्या दिवशी सगळं कोल्हापूर उलटं बघत होतं.

विद्यापीठाच्या गेटवर वॉचमननं तिला अडवली, ओळखपत्र न्हाय म्हणून. मग मालकांनी सांगितल्यावर त्यानं रीतसर रजिस्टर काढलं आन् लिवलं. नाव चंद्री, कुणाकडे बांडा, काम खासगी. आत सोडलं. मालकांना मात्र बाहेर ठेवलं, कारण त्यांचं नाव लिवायला ओळीत जागा उरली न्हवती. ती तासभर वर्गाच्या खिडकीत तोंड घालून उभी राहिली. सरांनी हजेरी घेतली न्हाय, पण खिडकी बंद करू नका म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर मालक पायरीवर बसले ते बसलेच. मी पाणी दिलं. ते म्हणाले, “बसच्या मागनं जाताना तिची शेपूट वर होती.” म्हैस शेपूट वर करून पळती तेव्हा ती आनंदात असती, एवढं लेकराला बी कळतंय आमच्यात. “माझ्या मागनं पळताना कधी वर न्हवती गं,” म्हणाले.  त्यात भिंतीवरनं संगमेश म्हणतोय, “आण्णा, पाडव्याला बस भाड्यानं सांगू काय?” मी शेणाची पाटी उचलली तेव्हा तो आत गेला.

गल्ली गोळा झाली. सगळ्यांनी विचार करून सांगितलं, की औंदा सोमण्णाला गाडीवर बसवा. म्हैस पळाल्याशी मतलब. मालक म्हणाले, “बसवा. पोरगं चांगलं हाय.” तेवढं बोलून आत गेले आन् भिंतीकडं तोंड करून पडले, भर दुपारचे. सोमण्णाला एव्हाना मराठी समजत होतं. त्यानं वर जाऊन बॅगा भरल्या.

“अव्वा, हॉस्टेलमधी खोली मोकळी झालीय,” तो म्हणाला. “मी हितं असलो तर ती आप्पांकडं बघणार न्हाय. पाडवा दहा दिवसांवर हाय. मी गेलो की इसरंल.”

मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येत न्हाय. पोराचा न्हाय, म्हशीचा असंल, मालकांचा असंल. पण निघाला पोरावर. मी म्हटलं, “जा की मग. आलतास तरी कशाला?” तो बॅगा घेऊन गेला. फाटकातनं जाताना त्यानं गोठ्याकडं बघितलं न्हाय, बघितलं असतं तर ती मागनं निघाली असती. माझ्याकडं बी बघितलं न्हाय.

दिवाळीची सुट्टी. हॉस्टेलची सगळी पोरं आपापल्या गावाला गेलती. चार मजले, एक वॉचमन आन् हा. सौंदर्या फराळाचा डबा देऊन आली, तर म्हणाली, “अव्वा, तो जिन्यात बसून असतोय. आईचा फोन बी उचलत न्हाय. म्हणतोय, उचलला तर रडायला येईल आन् ती घाबरंल.” मी चकल्या तळत होते. एक घाणा करपला.

हिकडं चंद्री कोरडी. इसरणं न्हायच. सकाळ-संध्याकाळ जिन्याकडं बघून हंबरायची. गिऱ्हाईकं संगमेशच्या दारात जायला लागली, आन् तितं आता ती एकमेकांशी हात मिळवायला लागली. मालक रोज दुपारी पेंडीच्या पोत्यांमागं जाऊन बसायचे. तोंडातल्या तोंडात कायतरी पुटपुटायचे. मला वाटलं जप करत असतील, न्हायतर डोक्यावर परिणाम झाला असंल. मी विचारलं न्हाय. विचारून काय मिळणार होतं?

पाडवा आला. चंद्रीला धुतलं, तेल लावलं, शिंगं लाल रंगवली, कपाळाला आरसा बांधला. मालकांनी नवा शर्ट घातला, माझ्या हातनं फेटा बांधून घेतला. मी म्हटलं, “नका जाऊ. पाय मुरगळला म्हणून सांगू.” ते म्हणाले, “न्हाई आली तर न्हाई आली. पण हाक मारल्याबिगर घरात बसणार न्हाय.”

घाटावर ही माणसं. हलगी, घुमकं, धूर. संगमेशच्या दोन म्हशी पळून झाल्या, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मग माईकवरनं बाळासोनं आमचं नाव पुकारलं. मंडळाचं पुकारायचं काम त्याच्याकडं असतंय. मालकांनी गाडी सुरू केली, शंभर पावलं पुढं नेली, वळवली आन् हाक मारली, “चंद्रेऽ, ये गं बाय, येऽ.” तिनं कान हालवले. दुसरी हाक. तिसरी हाक. ती उभी राहून रवंथ करत होती.  मग कुणीतरी हसलं, मग दहा जण हसले. बाळासो माईकवरनं म्हणाला, “आण्णा, पुढचं नाव घेऊ?”  मी तितंच दगडावर बसले.

मालकांनी हात वर केला. गाडी बंद केली. हलगीवाल्याला थांब म्हणाले. मग दोन्ही हात तोंडाला लावून, आजवर कधी काढला न्हवता असला आवाज काढून ओरडले,

“ब्वेरा कुन्युम्बा, म्वाना वांगाऽऽ”

कुणाला काय कळलं न्हाय. चंद्रीला बी न्हाय, ती हालली न्हाय. संगमेश म्हणाला, “आण्णाचं डोस्कं गेलं.” मालकांनी परत तशीच हाक मारली. तेवढ्यात वरच्या अंगाला भेळेच्या गाड्यामागं गलका झाला. सोमण्णा. चंद्रीला दिसू नये म्हणून टोपी घालून, तोंडाला रुमाल बांधून लपून बघायला आलता. त्याचा रुमाल सुटला, टोपी पडली, एक चप्पल गेली, आन् ते सहा फुटी पोरगं माणसं बाजूला सारत मालकांच्या दिशेनं पळत सुटलं. रडत होतं. तोंड वासून, नाक गळत, लहान पोरं रडत्यात तसं.

मालक घाबरले. त्यांना वाटलं हा मारायलाच येतोय. त्यांनी किक मारली आन् गाडी सोडली. सोमण्णा त्यांच्या मागनं. तेव्हा चंद्रीला तो दिसला. तिनं शेपूट वर केली आन् जी सुटली, ती त्याच्या मागनं. पुढं फाडफाड यामाहा, मधी रडणारं पोरगं, मागं म्हैस, सगळा घाट असा पार झाला. लोकांना शिट्टी वाजवायची का काय करायचं ते सुधरंना. हलगीवाला मात्र हुशार, त्यानं ठेका धरला.

गाडी शेवटी पिंपळापाशी थांबली. मी आन् सौंदर्या धापा टाकत पोचलो तेव्हा मालक म्हणत होते, “आरं, मी म्हशीला बोलावत होतो. तू का पळालास?”

सोमण्णा हुंदका आवरून म्हणाला, “आप्पा, ती माझी हाक हाय.”

मग सौंदर्यानं सांगितलं. सोमण्णा फोन उचलंना म्हणून त्याच्या आईनं घाबरून हिला फोन केलता. मालकांनी तो फोन मागून घेतला आन् पोरीला म्हणाले, तिला विचार, तुमच्या भाषेत म्हशीला बोलवायचं झालं तर काय म्हणायचं. पोरीनं इंग्रजीतनं विचारलं. ती बाई म्हणाली, म्हशीचं मला काय ठाऊक न्हाय. मी आजवर एकालाच हाक मारलीय. तिन्हीसांजेला इमारतीखाली उभी राहून म्हणायची, ब्वेरा कुन्युम्बा, म्वाना वांगा. तो कधी आला न्हाय असं झालं न्हाय. मालकांनी ते कागदावर लिवून घेतलं आन् आठ दिवस पेंडीच्या पोत्यांमागं बसून पाठ केलं. त्याचा अर्थ ‘घरी ये माझ्या लेकरा’, पण तो मालकांनी विचारलाच न्हवता.

बाळासो वही आन् माईक घेऊन आला. “आण्णा, नियम असा हाय, म्हैस धन्याच्या मागनं पळाली पायजे,” तो म्हणाला. “तुमची पळाली खरी, पण तुमच्या मागनं का पावण्याच्या मागनं? कुणाचं नाव पुकारू, तेवढं सांगा.”

‘माझ्या मागनं’ म्हणाले असते तर कुणी हरकत घेतली नसती. मी मागनं त्यांच्या पाठीला चिमटा काढला, म्हणा म्हणून. मालक चंद्रीकडं बघत राहिले. ती सोमण्णाची मान चाटत होती, आन् तो अजून हुंदके देत होता. मालकांनी बाळासोच्या हातातनं माईक घेतला. त्यांनी जन्मात कधी माईक धरला न्हवता.

“म्हैस ह्याची हाय,” ते म्हणाले. सगळ्या घाटाला ऐकू गेलं, संगमेशला बी. “माझ्या हाकेला म्हैस आली न्हाय, लिवा तसं. हे पोरगं आलं. तेवढंच पुकार.”

बाळासोच्या वहीत असला रकाना न्हवता. त्यानं जरा डोकं खाजवलं आन् पुकारलं, “रेवणसिद्ध आण्णांच्या हाकेला धावून आलेले, सोमण्णा मलावीकर.” आन् काय सांगू, लोकांनी हसत हसत ज्या शिट्ट्या मारल्या, तसल्या एकवीस वर्षांत ऐकल्या न्हवत्या. मी पदर तोंडाला लावून रडले. लाज वाटली न्हाय मला.

मालकांनी डोक्यावरचा फेटा काढला आन् त्याला बांधायला लागले. पोरगं उंच, हात पुरंना, म्हणून ते धुळीत गुडघ्यावर बसलं. फेटा मालकांच्या हातनं दोनदा सुटला. मी म्हटलं, “सोडा, मी बांधते.”

तर म्हणाले, “गप. माझं पोरगं हाय, मी बांधणार.”